ते आपटे वेगळे

मराठीतले सर्वांत दीर्घायुषी लेखक म्हणून मी रामचंद्र भिकाजी जोशी यांचं नाव सुचवतो. एकोणिसाव्या शतकात त्यांनी 'प्रौढबोध मराठी व्याकरण' लिहिलं, पुढे 'मराठी भाषेची घटना' उलगडून दाखवली, आणि मग विभक्तीप्रत्ययांचा उबग आला म्हणून की काय, पिशवी खांद्याला अडकवून जे भटकायला निघाले ते 'वाटचाल', 'मजल दरमजल' अशी प्रवासवर्णनं लिहीत थेट १९९१ पर्यंत चालतच राहिले. व्याकरणाने आयुष्य वाढतं याचा यापेक्षा सज्जड पुरावा मिळायचा नाही.

अडचण एवढीच, की हे दोन जोशी आहेत. प्रवासवाल्या जोशांचा जन्मच १९०३ सालचा. पण दोघेही रामचंद्र, दोघांचेही वडील भिकाजी आणि दोघेही मुखपृष्ठावर 'रा. भि. जोशी'. त्यात आणखी एक रामचंद्र भिकाजी आहेत ते गुंजीकर, 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी १८७१ साली लिहिणारे. व्याकरणाचा नाद त्यांनाही होता. केवळ आडनावाने त्यांना वाचवलं, नाहीतर आपल्या या एका लेखकाच्या खात्यावर कादंबरीही जमा झाली असती.

आता यात दोष कुणाचा? जोशांचा नाही. भिकाजींचा तर नाहीच नाही. दोष आपल्या काटकसरीचा. मराठी लेखकाचं आणि त्याच्या तीर्थरूपांचं मिळून आपण दोन अक्षरांत भागवतो. मुळात नावांची चणचण. विष्णुसहस्रनामात हजार नावं फुकट उपलब्ध असताना आपल्या पूर्वजांनी संध्येतल्या चोवीस नावांच्या पलीकडे फारसं पाहिलं नाही. केशव, नारायण, माधव, गोविंद यांच्यावरच पिढ्यान्‌पिढ्या संसार केले. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं. म्हणजे हरीचा नारायण, नारायणाचा हरी, हरीचा पुन्हा नारायण. आडनावं पाहावीत तर जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील. ही सगळी कामाची आणि वतनाची नावं, त्यामुळे गाव तिथे एक जोशी, एक कुलकर्णी, आणि पाटील तर असायलाच हवा. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर शे-दोनशे वर्षं साहित्य चाललं, म्हणजे टक्कर व्हायचीच. तीही एकवेळ टळली असती, पण पुस्तक छापायची वेळ आली की उरलंसुरलं नावही आपण छाटून टाकतो.

जुन्या ग्रंथालयात कार्डांचे लाकडी खण असतात. खण ओढला की आतून एक पितळी दांडी गेलेली दिसते, तिच्यात कार्डं ओवलेली, वरच्या कडा बोटांनी काळ्या पडलेल्या. त्यातला 'आपटे' हा खण मनुष्यस्वभावाचा अभ्यास करायला फार चांगला. मी पाहतो, लोक तिथे येतात ते आत्मविश्वासाने आणि जातात ते चुळबुळत.

"आपट्यांची कादंबरी द्या."

"कुठल्या आपट्यांची?" काउंटरवरच्या बाई मान वर न करता विचारतात.

"अहो, ते प्रसिद्ध. हरी नारायण."

"ह. ना. की ना. ह.?"

"तेच ते."

तेच ते नव्हेत, हेच तर दुखणं. हरी नारायण आपटे म्हणजे 'पण लक्षांत कोण घेतो?'वाले, 'करमणूक' चालवणारे, जन्म १८६४. नारायण हरी आपटे म्हणजे 'न पटणारी गोष्ट'वाले, जिच्यावरून प्रभातने १९३७ साली 'कुंकू' काढला, जन्म १८८९. दोघेही कादंबरीकार, दोघांच्याही कादंबऱ्यांत सोसणाऱ्या बायका. अंतर पाहा, बरोबर पंचवीस वर्षांचं. मुलगा व्हायला इतकं सोयीचं अंतर असताना ना. ह. हे ह. नां.चे चिरंजीव नाहीत, यावर सामान्य वाचकाचा विश्वास बसत नाही. बसू नयेच. सगळा परिस्थितिजन्य पुरावा चिरंजीवांच्या बाजूने आहे. फक्त वस्तुस्थिती तेवढी विरुद्ध आहे. ना. हं.च्या एका कादंबरीच्या ग्रंथालयातल्या प्रतीत मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं, 'हे पण लक्षांत-वाले नव्हेत.' खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, 'मग कोण?' त्याखाली तिसरं, 'चिरंजीव.' आणि त्याखाली, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून, 'नाही!!' ती कादंबरी मी वाचली, पण खरं सांगायचं तर या चार ओळींत तिच्याहून जास्त नाट्य होतं.

आपट्यांचं प्रकरण इथे संपत नाही. वा. शि. आपटे आणि वा. गो. आपटे असे आणखी दोघे कार्डांवर चिकटून बसलेले असतात. वामन शिवराम यांनी १८९० साली संस्कृत-इंग्रजी कोश दिला आणि दोनच वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी, ते गेले. वासुदेव गोविंद यांनी १९०६ साली मुलांसाठी 'आनंद' मासिक सुरू केलं, म्हणून त्यांना निदान कोशाच्या भानगडीतून मोकळं समजावं, तर त्यांनी 'मराठी शब्दरत्नाकर' करून ठेवला. म्हणजे 'वा. आपट्यांचा कोश' मागणाऱ्याच्या हातात काय पडेल ते काउंटरवरच्या बाईंच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून.

कोशांवरून आठवलं, दात्यांचंही असंच. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची', १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची मोजदाद करणारी. पुढच्या खंडात त्यांनी ती १९५० पर्यंत नेली. आणि सोलापूरचं दाते पंचांग. कुणी नुसतं "दाते आहेत का?" म्हणून विचारलं, तर दहांतल्या नऊ वेळा त्याला मुहूर्त हवा असतो. उरलेला एक संशोधक असतो आणि त्याला कुठलाच मुहूर्त लाभत नाही. शंकर गणेश दात्यांबद्दल मला मात्र अपार आदर आहे. दीडशे वर्षांतले यच्चयावत रामचंद्र, विनायक आणि गोविंद या माणसाने एकेक करून वेगळे बसवले. असली कामं करणाऱ्याचं नाव खरं म्हणजे अगदी एकमेवाद्वितीय असायला हवं होतं.

खोट्या बापलेकांचा मोह फार वाईट. कवी विनायक हे विनायक जनार्दन करंदीकर. विंदा म्हणजे गोविंद विनायक करंदीकर. झालं, एका प्राध्यापकांनी भर वर्गात 'घराण्यातच काव्य होतं' असा निष्कर्ष काढलेला मी ऐकला आहे. कवी विनायक १९०९ साली वारले, विंदा जन्मले १९१८ साली. एवढं तरी काव्याने थांबायला हवं होतं. व्यंकटेश बापूजी केतकर हे ज्योतिर्गणिती, नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असं गणिताने १९११ साली मांडणारे. श्रीधर व्यंकटेश केतकर ज्ञानकोशाचे. इथेही वडील आणि मुलगा असं वाटायला सगळी सोय आहे, आणि इथेही नाहीत. ज्ञानकोशकार केतकरांनी समाजशास्त्र लिहिलं, कोशाचे २३ खंड काढले आणि 'ब्राह्मणकन्या' ही कादंबरीही लिहिली. तेव्हा त्यांच्या नावावर एक ग्रह आणखी चढला तर कुणाला संशय येणार?

आडनाव वेगळं आणि बाकी सगळं तेच, अशा जोड्या तुलनेने निरुपद्रवी. 'आई' कवितेचे कवी यशवंत हे यशवंत दिनकर पेंढरकर आणि इतिहासकार य. दि. फडके हेही यशवंत दिनकर. एक १९५० साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, दुसरे २००० साली. थोडक्यात, मुलाचं नाव यशवंत ठेवायचं आणि आपलं दिनकर असेल, तर आतापासून भाषणाची तयारी करून घ्यायला हरकत नाही.

देशपांड्यांचा घोळ मात्र पदरमोड करून पाहावा असा आहे. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे सर्वांना ठाऊक. पुरुषोत्तम यशवंत देशपांडे हे त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे, 'बंधनाच्या पलीकडे'चे कादंबरीकार आणि पुढे तत्त्वचिंतनात शिरलेले. साहित्य अकादमीने १९६२ साली पु. यं.ना 'अनामिकाची चिंतनिका'साठी गौरवलं आणि १९६५ साली पु. लं.ना 'व्यक्ती आणि वल्ली'साठी. तीन वर्षांत दोन पु. देशपांडे! आमच्या एका शेजाऱ्यांना हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. सुनेने विचार केला, बाबांना हलकंफुलकं काहीतरी द्यावं. ग्रंथालयातून ती 'पु. देशपांड्यांचं, अकादमी मिळालेलं' घेऊन आली. शेजाऱ्यांनी चिंतनिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मी भेटायला गेलो तेव्हा ते छताकडे बघत होते.

"काय, कसं वाटलं पुस्तक?"

"पुलं फार खोल आहेत हो," ते म्हणाले. "लोक उगाच हसतात."

डॉक्टरांनी टाक्यांवर ताण येईल म्हणून हसायची मनाई केली होती, त्या हिशेबाने निवड अचूक होती असं सुनेचं अजूनही म्हणणं आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की विषय वेगळे दिसले की माणसं वेगळी समजावीत, म्हणजे प्रश्न मिटला. तसं केलंत तर दुसऱ्याच खड्ड्यात पडाल. चिं. वि. जोशी यांचं नाव 'एरंडाचे गुऱ्हाळ'वर आहे आणि पाली भाषेच्या इंग्रजी क्रमिक पुस्तकावरही आहे. साधा हिशेब सांगतो की हे दोघे. चिमणराव आणि गुंड्याभाऊंना जन्म देणारा माणूस धातू चालवून दाखवणार नाही आणि पाली शिकवणारा माणूस चिमणरावांच्या फजितीत रमणार नाही. पण ते एकच होते. बडोद्याला पाली शिकवायचे, संस्थानाचं दफ्तर सांभाळायचे, आणि घरी येऊन चिमणरावांचं चऱ्हाट वळायचे. बरं, चिंतामण विनायक वैद्य नावाचे इतिहासकार आहेत, तेही चिं. वि.च. ते गंभीर, म्हणून पालीचं पुस्तक त्यांचं असावं असा अंदाज बांधणारेही सापडतात. म्हणजे एकाचे दोन करायचे, आणि त्यातला अर्धा उचलून तिसऱ्याला द्यायचा.

ह. ना. आपटेही असेच फसवतात. पुण्याच्या आनंदाश्रमाची जुनी संस्कृत पुस्तकं उघडा. शंकराचार्यांचं भाष्य, त्यावर आनंदगिरींची टीका, पाठभेदांच्या बारीक टिपा, आणि मुखपृष्ठावर 'हरि नारायण आपटे'. कादंबरीचा वाचक म्हणतो, हे कुणीतरी शास्त्रीबुवा असणार. शास्त्रीबुवा वगैरे कुणी नाही. आनंदाश्रम स्थापन केला महादेव चिमणाजी आपटे यांनी, ह. नां.च्या काकांनी, आणि त्याचा कारभार पुतण्या पाहत होता. ज्या हाताने 'पण लक्षांत'मधल्या यमूचे हाल लिहिले त्याच हाताने उपनिषदांची छपाई पार पाडली. सोसणाऱ्या यमूला आणि ब्रह्मविद्येला एकच व्यवस्थापक होता.

आता यात संतांना ओढायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण मोह आवरत नाही. एकोणिसावं शतक संपता संपता 'सुधारक' पत्रात एक लेखमाला आली. तिचं म्हणणं असं, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर वेगळे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव वेगळे. भाषा निराळी, ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचं नाव नाही, वगैरे. महाराष्ट्रात वादळ उठलं, अजूनही अधूनमधून पान हलतं. ही लेखमाला लिहिणारे 'भारद्वाज'. भारद्वाज हे टोपणनाव. खरे शिवराम एकनाथ भारदे. म्हणजे ज्ञानेश्वर एक नव्हेत, दोन आहेत असं ठासून सांगणारा गृहस्थ स्वतः दोन नावांनी वावरत होता. नामदेवांच्या बाबतीत तर घोळ पक्का आहे. संत नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. ओवीबद्ध महाभारत रचणारा विष्णुदास नामा त्यांच्यानंतर दोनेक शतकांनी आला. पण 'नामा म्हणे' असं दोघांनीही म्हटल्यावर गाथा उतरवून घेणाऱ्याने तरी काय करावं? त्या बिचाऱ्याने सगळे अभंग एकाच नामाच्या पदरात घातले. त्याच्या मागे संस्कृतात जावं तर भर्तृहरी बसलेलाच आहे, एका हातात 'वाक्यपदीय' हे व्याकरण आणि दुसऱ्या हातात शृंगारशतक. हा एक की दोन, यावर पंडितांची आयुष्यं गेली. पुन्हा व्याकरणच मध्ये आलं, हा योगायोग मला संशयास्पद वाटतो.

साहेबाने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. १८९९ साली अमेरिकेत विन्स्टन चर्चिल हे नाव कादंबरीकाराचं होतं. त्याची 'रिचर्ड कार्व्हेल' तुफान खपत होती. इंग्लंडात पंचविशीच्या आतला, नुकताच लिहू लागलेला आणखी एक विन्स्टन चर्चिल होता. लोक त्याचं अभिनंदन करू लागले आणि ते भलत्याच कादंबरीसाठी आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने अमेरिकेतल्या नामबंधूला अदबशीर पत्र धाडलं: घोळ होतोय, तर मी यापुढे मधलं 'स्पेन्सर' लावत जाईन. उत्तर तितकंच अदबशीर आलं: मला मधलं नाव असतं तर मीही आनंदाने लावलं असतं. पुढच्या वर्षी दोघे बॉस्टनमध्ये भेटले. पुढे अमेरिकन चर्चिलही राजकारणात शिरला आणि गव्हर्नरच्या उमेदवारीसाठी झगडून हरला. इंग्रज चर्चिलचं पुढे काय झालं ते जगजाहीर आहे; १९५३ साली साहित्याचं नोबेलही त्यालाच गेलं. मुद्दा असा, की त्यांनी नावात एक आद्याक्षर घातलं आणि प्रश्न मिटवला. आपण दोन-दोन आद्याक्षरं घालून तो निर्माण केला.

रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांची पद्धत मला सगळ्यांत आवडते. ते लेखकाकडे बघतच नाहीत, नाव वाचून गठ्ठा ठरवतात. एकाकडे शरद जोशी या नावाचा एकच गठ्ठा होता. वर 'अंगारमळा', खाली 'जीप पर सवार इल्लियाँ'. पहिलं पुस्तक शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं, स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणच्या कांद्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांचं. दुसरं हिंदीतले नामवंत व्यंगलेखक शरद जोशी यांचं. मी विक्रेत्याला म्हटलं, "हे दोन वेगळे आहेत." तो म्हणाला, "साहेब, दोन्ही शेतीचीच." मी वाद घालणार होतो, पण इल्ली म्हणजे अळी, आणि ती गोष्ट हरभऱ्यावरची अळी पाहायला जीप घेऊन गेलेल्या सरकारी अधिकाऱ्यांची आहे. शेतीचीच.

या घोळाचा लेखकांना त्रास होतो असं समजू नका. एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेला ऊसशेतीचे एक तज्ज्ञ आले होते. आडनाव पाटील, नाव अगदी चारचौघांतलं. सूत्रसंचालकाने मोबाइलवर पाहून परिचय करून दिला: एक गाजलेली ऐतिहासिक कादंबरी, दोन गझलसंग्रह आणि 'मधुमेहाशी मैत्री'. पाहुण्यांनी कादंबरीला मान किंचित झुकवली. गझलसंग्रहांना हात जोडले. मधुमेहाचं पुस्तक मात्र आपलं नव्हे असं भाषणाच्या पहिल्याच वाक्यात स्वच्छ सांगून टाकलं. अनुभवी माणूस, कार्यक्रमानंतर लोक रिपोर्ट घेऊन व्यासपीठावर चढतात हे त्याला माहीत होतं. उसाच्या वक्त्याला ते परवडणारं नव्हतं. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे हार मिळतात, दुसऱ्याची टीका मिळते, कधी दुसऱ्याच्या वाचकांची प्रेमपत्रंही मिळतात. मानधन मात्र चुकून दुसऱ्याकडे गेल्याचं मी कधी ऐकलं नाही, कारण ते बहुतेक वेळा पहिल्याकडेही गेलेलं नसतं.

ग्रंथपालांनी आपल्या परीने उपाय केले. नावापुढे जन्ममृत्यूची सालं लिहायची, हा जुना. यात एक क्रूरपणा आहे. हयात लेखकाच्या नावापुढे '१९५८–' असं लिहून पुढची जागा मोकळी सोडतात. आपल्या नावाचं असं कार्ड पाहून एक ज्येष्ठ कवी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे होते. नवा उपाय म्हणजे लेखकाला क्रमांक. नावांसाठीच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकात १६ अंक असतात. आधारकार्डाला १२ पुरतात. देशाच्या सव्वाशे-दीडशे कोटी नागरिकांपेक्षा लेखक ओळखायला चार अंक जास्त लागावेत, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

महाराष्ट्र सरकारनेही नकळत यात हात घातला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी लिहायची. म्हणजे या पिढीचे लेखक तीन आद्याक्षरांचे. ऐकून मला बरं वाटलं होतं; तीन अक्षरं जुळून यायची शक्यता किती? मग मी आमच्या सोसायटीच्या पाळणाघरात डोकावलो. तिथे दोन आरव आहेत. आडनाव एक, आयांचं नाव एक, आणि वडील एक अमोल तर दुसरे अमित. पाळणाघराच्या ताईंनी उंची बघून एकाला मोठा आरव आणि दुसऱ्याला छोटा आरव ठरवून टाकलं. छोटा आरव मोठ्या आरवपेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहे, आणि भिंतीवर लिहायलाही त्यानेच आधी सुरुवात केली. त्याच्या नावाने बोलणी मात्र मोठा आरव खातो.